आखूड फ्रॉक

१२ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू शिवलेला फ्रॉक मिळाला. खांद्यात घट्ट, लांबीला आखूड! गल्लीतल्या प्रत्येकीचं माप तोंडपाठ असलेली माझी शिंपीण बहीण पोटच्या पोरीच्या मापात चुकली, म्हणून मी पोट धरून हसले. मग टेप घेतला, तर पोरगी हात लावू देईना. माप आईच घेईल, म्हणाली.

ताई, तिला माझ्याकडे येऊन वर्ष झालं, ती कुणात मिसळत नाही. माझ्या तान्ह्यालाही उचलत नाही. काल खोदून विचारल्यावर रडली. गेल्या वर्षी कुणाच्या तरी फ्रॉकचा काठ टाचताना तुझ्या बोटात टाचणी घुसली, ती बोट धरायला आली, तर तू लांब हो म्हणून ओरडलीस आणि लगेच तिला इकडे धाडलंस. आपल्यातच काहीतरी वाईट आहे, असं तिने मनाला लावून घेतलंय. तुझ्या आजाराचं तूच तिला सांग.

माझ्यावरचा लोभ पुरे, आता तो तिच्यापर्यंत पोचव.
तुझी धाकटी

२० जून
चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यात काहीही वाईट नाही, बाळा. मला एचआयव्हीचा संसर्ग आहे. मला तो कळला तेव्हाच तुझीही तपासणी झाली, तुला तो नाही. त्या दिवशी रक्त बघून माझी घाबरगुंडी उडाली. परवा डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं, तर त्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. जवळ घेतल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही. टोचलं तर बोट धुवायचं, पट्टी लावायची. रोजची गोळी मी चुकवत नाही, तब्येत ठणठणीत आहे.

घर खायला उठतं गं. मशीन थांबलं की तुझी बडबड आठवते. फ्रॉक शिवताना, तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस तेवढीच डोळ्यांसमोर होतीस. रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

आईवर माया असू दे.
तुझीच आई

२९ जून
ती. आईस,
सा. न.

मी खूप रागावले आहे. आधी का नाही सांगितलंस? मी तुझी गोळी आठवणीने दिली असती.

आज बाळाला मांडीवर घेतलं. त्याने नवा फ्रॉक ओला केला. मावशी म्हणाली, बरं झालं, नाहीतरी आखूडच होता.

तिने पुन्हा टेप काढला होता, मी पळाले. तू सुट्टीची वाट बघू नकोस. टेप घेऊन ये आणि टाचण्याही आण. पट्ट्या मी आणून ठेवल्यात.

तुझी भिंगरी