मिसबाची पत

वारजे, पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

ती. रझिया खालास,
मिसबाचा सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझ्या मागच्या पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून तू तेही परत पाठवलंस, तेही पोचलं. निवृत्त झालीस तरी मिरजेची शाळा तुझ्या हातातून काही सुटत नाही. अब्बा म्हणतात, खालाच्या कानातलं यंत्र फोनवर नुसतं खरखरतं हे आपलं नशीबच, नाहीतर घरात पोस्टमन कशाला आला असता. बायपास झालेला हा माणूस अम्मीची पाठ वळली की फरसाणाच्या डब्याकडे सरकतो, म्हणजे तब्येत झकास आहे असं समज.

आता खरी बातमी. खाला, मला रस्ता सापडला!

तुला ठाऊकच आहे की अब्बांच्या ऑपरेशनच्या वेळी मी क्रेडिट कार्ड घासत गेले, मग कॉल सेंटरमधली नोकरी गेली, हप्ते थकले आणि वसुलीवाल्यांनी फोन करकरून आमचा जीव नकोसा केला. शेवटी तडजोड करून प्रकरण मिटलं, पण बँकांच्या लेखी माझं नाव खराब ते खराबच राहिलं. सिबिल स्कोअर काढला की लाल रंगातच उगवतो.

इतके दिवस त्याने काही अडत नव्हतं. आता अडलंय. तात्यारावांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांची बॅच मी घेते, ती त्यांच्या जुन्या गाडीवर. माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असलेली ती एकच गाडी मला मिळते. पुढच्या वर्षी डिसेंबरात तिच्या नोंदणीची मुदत संपतेय, आणि पुन्हा पासिंग करून घ्यायला एक रुपयाही घालणार नाही असं तात्यारावांनी सांगून टाकलंय. दुसरी गाडी त्यांचा पुतण्या सुदर्शन चालवतो. तो शिकवतो म्हणजे ओरडतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका त्याच्याकडून रडत आलेल्या आहेत. तात्याराव म्हणाले की तू स्वतःची गाडी आण, पाटी माझी राहील, उत्पन्न वाटून घेऊ. वर असंही म्हणाले की स्वप्नं बघायला लायसन्स लागत नाही, गाडी घ्यायला कर्ज लागतं.

तर काल मंडईच्या मेट्रो स्टेशनबाहेर एका कंपनीचा स्टॉल होता. टाय लावलेल्या गृहस्थांनी प्रीपेड कार्ड दाखवलं. आपणच आधी पैसे भरायचे आणि तेवढेच खर्च करायचे. कुणी स्कोअर विचारत नाही, कर्ज होत नाही, व्याज नाही. मी विचारलं की याने माझं नाव सुधारेल का, तर म्हणाले की मॅडम, नियमित वापरा आणि सहा महिन्यांत फरक बघा. मी तिथल्या तिथे घेतलं! रंग मोरपंखी आहे. दुकानात ते पुढे केलं तेव्हा किती दिवसांनी ताठ मानेने उभी राहिले म्हणून सांगू.

अल्तापला सलाम. हो, अल्ताफ. तू दुरुस्त करायच्या आधीच केलं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
मिसबा


मिरज
१९ नोव्हेंबर २०२४

चि. मिसबास,
रझिया खालाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी चहा टाकला आणि मग पुन्हा वाचलं. स्वतःची गाडी! आपल्या घराण्यात बायकांच्या नावावर शिलाई मशीनच्या पुढे काही गेलेलं नाही. पोरी, तू थेट चार चाकांवर चाललीस. मी शेजारी सांगून टाकलंय. सांगायला नको होतं असं अल्ताफ म्हणतो, पण तो माझा मुलगा असूनही त्याला आनंद करायचं अंग नाही.

त्या कार्डाबद्दल तो एक शंकाही काढत होता. तू तुझेच पैसे भरून तुझेच खर्च करणार, मग तू चांगली वागतेस हे बँकेला सांगणार कोण? मी म्हटलं, तो टायवाला सांगेल. तरी त्याला एकदा विचारून घे. मला तरी यात वावगं काही दिसत नाही. हाती आहे तेवढंच खर्च करायचं ही सवय कुणाचं वाईट करील?

गाडीचा रंग पांढरा घेऊ नकोस, मळतो. त्याआधीच्या पत्रात 'खर्च'वरचा रफार विसरली होतीस. खर्च करताना मात्र काही विसरू नकोस.

अम्मीला सांग, तिची आठवण मी रोज काढते, तिनेही अधूनमधून काढावी.
तुझी,
खाला


वारजे, पुणे
९ एप्रिल २०२५

ती. खालास,
सलाम वि. वि.

ईदचा शीरखुर्मा डब्यात घालून मी काल बँकेत गेले होते, वारज्याच्या शाखेत. इतके महिने मोरपंखी कार्ड इमानाने वापरलं होतं. महिन्याच्या सुरुवातीला घरखर्चाचे पैसे भरायचे आणि संपले की थांबायचं. एकदा तर महिना संपायच्या आत कार्ड रिकामं झालं आणि आम्ही उरलेले दिवस आमटीभातावर काढले. अब्बांनी त्याला कार्डाचा रोजा असं नाव दिलं. तेव्हा मी छाती पुढे काढून गेले होते, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

कर्जाच्या टेबलावर शेफाली नावाच्या बाई आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांनी स्कोअर काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. खाला, आकडा तसूभरही हलला नव्हता!

अल्ताफची शंका खरी निघाली. शेफाली म्हणाल्या की प्रीपेड कार्डात कुणी तुम्हाला उसने देतच नाही, मग तुम्ही ते फेडलेत हे कळवणार कोण आणि कुणाला? तुम्ही पै न पै जपून वापरलीत, पण ते तुमच्या घराबाहेर कुणाला दिसलंच नाही. तडजोडीत बँकेने सोडून दिलेली जुनी रक्कमही नोंदीत अजून थकलेली दिसते म्हणे.

मी बाहेर आले ती थेट मंडईला. त्या टायवाल्याला फाडून खायचं ठरवलं होतं. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचा स्टॉल आहे. रागाने एक कव्हर घेऊन आले. मोरपंखीच मिळालं.

पण ऐक, पत्र रडगाण्याचं नाही. शेफालींनी मला पुन्हा आत बोलावलं, शीरखुर्मा खाल्ला आणि रस्ता सांगितला. या महिन्यांत खर्च आवळल्यामुळे माझ्या खात्यात थोडे पैसे उरलेत. त्यातून जुनी सुटलेली रक्कम भरून टाकायची आणि बाकी नाही असा दाखला घ्यायचा. उरलेल्याची मुदत ठेव करायची. त्या ठेवीच्या जोरावर बँक एक लहानसं क्रेडिट कार्ड देते. त्यावर थोडंच घ्यायचं आणि दर महिन्याला तारखेच्या आत सगळं फेडायचं. ही फेड मात्र नोंदली जाते!

मी उड्या मारत घरी आले आणि क्रेडिट कार्ड हा शब्द उच्चारला. अम्मीने हातातलं लाटणं खाली ठेवलं. म्हणाली की ते फोन मी ऐकलेत, तू कामावर असताना ते माझ्याशी काय बोलायचे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि ते कार्ड या घरात परत येणार असेल तर मी मिरजेला जाते.

खाला, खरं सांगायचं तर भीती मलाही वाटते. अनोळखी नंबर दिसला की मी फोन उलटा ठेवते, अजूनही. पण गाडी डोळ्यांपुढून जात नाही. अम्मी फक्त तुझं ऐकते. तू काय म्हणशील ते मान्य.

उत्तराकडे डोळे लागलेत.
मिसबा


मिरज
१६ एप्रिल २०२५

चि. मिसबास,
अ. उ. आ.

हे पत्र अम्मीला मोठ्याने वाचून दाखव, पहिला भाग तिच्यासाठीच आहे. गाळू नकोस, मला कळतं.

धाकटे, ते फोन तू एकटीने ऐकलेस आणि मला कळवलं नाहीस, याचा राग मी मिरजेला आलीस की काढीन. यायचं असेल तर ये, खोली तयार आहे. पण रागावून येऊ नकोस, आंबे खायला ये.

आता मुद्दा. त्या वेळी पोरीने कार्ड घासलं ते दवाखान्याच्या खिडकीपाशी, आणि त्यातून उठलेला माणूस आज तुझ्या स्वयंपाकघरात फरसाण शोधतो आहे. ते कर्ज वाईट होतं, पण कारण वाईट नव्हतं. मिसबाकडे गाडी शिकायला आलेली बाई पहिल्या आठवड्यात खांबाला धडकली तर मिसबा तिला घरी पाठवत नाही. शेजारी बसते, पाय ब्रेकवर ठेवते आणि पुन्हा चालवायला लावते. तूही तिच्या शेजारी बस. कार्ड तुझ्या कपाटात राहू दे. तिने मागितलं की तू काढून द्यायचं आणि फेडल्याचं दाखवल्याशिवाय पुढच्या वेळी द्यायचं नाही.

मिसबा, माझ्या पेन्शनमधले साठलेले पैसे मी तुला उद्या पाठवू शकते. सगळे पाठवते. पण त्याने गाडी येईल, नाव तसंच राहील. तरीही हवे असतील तर संकोच करू नकोस. मोरपंखी कार्डही टाकू नकोस. स्कोअर वाढला नसेल, पण त्याने तुला थांबायला शिकवलं आणि ते तुझ्या खात्यात दिसतंय. घरखर्च त्यावरच चालव.

अल्ताफची शंका खरी ठरल्यापासून घरात राहणं अवघड झालंय.

खुशाली कळवत राहा, आम्ही इथे दुवा करत राहतो.
खाला


वारजे, पुणे
२० नोव्हेंबर २०२५

ती. खालास,
सलाम वि. वि.

तुझे पैसे नकोत असं लिहिलं होतं ते आजही कायम आहे, आणि तू विचारलंस याचा आनंदही कायम आहे.

खाला, आकडा चढतोय! मे महिन्यात कार्ड आलं. स्कूटरचं पेट्रोल तेवढं त्यावर घेते आणि बिल आलं की त्याच दिवशी भरते. अम्मी कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरते. मी भरल्याचा मेसेज दाखवला की चष्मा लावून तो वाचते आणि मगच मान हलवते. परवा मात्र माझ्याआधी तीच म्हणाली की आज तारीख आहे, भरलंस का?

जुन्या बँकेचा बाकी नसल्याचा दाखलाही मिळाला आणि नोंदीतला तडजोडीचा तो काळा शब्द बदलला. मला तर लाडू वाटावेसे वाटत होते, पण शेफाली म्हणाल्या की अजून थोडं कमी पडतंय, एवढ्यात अर्ज केलात आणि तो फेटाळला गेला तर उगाच नोंद होईल. नव्या वर्षात या.

नवं वर्ष म्हणजे गाडी गेल्यानंतर. तात्यारावांनी सोमवारी बायकांना जमवून सांगितलं की डिसेंबरअखेर ही गाडी भंगारात जाईल, पुढे सुदर्शन शिकवेल. तेवढ्यात वेणूबाई उठल्या. मंडईत भाजीचा गाळा चालवतात, टेम्पो स्वतः चालवायचा म्हणून शिकताहेत. त्या म्हणाल्या की आम्ही थांबतो. तात्यारावांनी विचारलं की गाडी येईलच याची खात्री काय? वेणूबाई म्हणाल्या की खात्री गाडीची नाही, पोरीची आहे. मग एकेक करून सगळ्या म्हणाल्या की थांबतो. सुदर्शन फळ्याकडे तोंड करून उभा होता. तात्यारावांनी घसा खाकरला आणि म्हणाले की बरं आहे, एक महिना माझेही कान शांत राहतील. पण खाला, त्यांनी माझं नाव फळ्यावरून पुसलं नाही.

लवकर लिही, रागावून का होईना.
मिसबा


वारजे, पुणे
२७ जानेवारी २०२६

ती. खालास,
सलाम, सलाम, सलाम वि. वि.!

झालं! कर्ज मंजूर झालं! स्वच्छ हिरव्या रंगात आकडा आला, शेफालींनी पुन्हा स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि या वेळी बघायला अम्मी शेजारी होती. तिने चष्मा पुसला, परत लावला आणि विचारलं की सही कुठे करायची. तुम्ही नाही, या करणार, असं शेफाली म्हणाल्या तेव्हा अम्मी म्हणाली, ठाऊक आहे, पेन देण्यासाठी विचारलं.

काल गाडी आली. पांढरी नाही. लाल आहे, वीटकरीकडे झुकणारी. माझ्या बाजूचे ब्रेक-क्लच बसवून घेतले. तात्यारावांनी गाडीभोवती फेरी मारली, टायरला पाय लावून पाहिला आणि म्हणाले की गाडी चांगली आहे, शिकवणारी बरी आहे. पुण्यात याहून मोठी स्तुती कुणाची झाल्याचं मला माहीत नाही. सुदर्शनने स्वतः गाडीवर पाटी लावली आणि सरळ लावली.

अब्बा मागच्या सीटवर बसले ते उतरेनात. मी त्यांना मंडईपर्यंत फिरवून आणलं. वेणूबाईंनी गाळ्यावरूनच हाका मारल्या, डिकीत फ्लॉवरचे दोन गड्डे टाकले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. परत येताना मी सिग्नलला थांबले होते, फोन वाजला, अनोळखी नंबर होता. आणि खाला, मी फोन उलटा ठेवला नाही. गाडी कडेला घेऊन उचलला. एक बाई विचारत होत्या की बॅच कधी सुरू होतेय.

रमजानआधी ये ना. तुला न्यायला मी स्वतः मिरजेला येईन. अब्बा, अम्मी आणि तुझी वाट बघणारी,
मिसबा


मिरज
३ फेब्रुवारी २०२६

चि. मिसबास,
अ. उ. आ.

या वेळच्या पत्रात एकही चूक सापडली नाही. शोधली नाही, हेही खरं.

तू न्यायला येतेस हे ठीक. पण मला मागे बसवू नकोस. गेल्या गुरुवारी मी सांगलीला आरटीओत गेले होते. अल्ताफला दातांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगितलं. खिडकीतल्या माणसाने विचारलं की शिकाऊ लायसन्स कुणासाठी, नातवासाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याने वय पाहिलं, मला पाहिलं आणि परीक्षेला बसवलं. मी पास झाले, बेटा! कानात यंत्र घालून हॉर्न व्यवस्थित ऐकू येतो असा दाखला डॉक्टरांनी दिलाय. पुण्यात तो ऐकून कुणी काही करतं असं तू कधी लिहिलेलं नाहीस, तेव्हा तेवढं पुरे.

बॅचमध्ये माझं नाव घाल. नात्यातली म्हणून सवलत नको, फी पूर्ण घे. मात्र पेन्शन पहिल्या तारखेला येते, तेव्हा फी आगाऊ मिळणार नाही. माझी पत काय आहे, ते अम्मीला विचारून घे.

पाय ब्रेकवर ठेवून वाट बघ.
तुझी विद्यार्थिनी,
रझिया खाला