न पेटलेली बशी

प्रिय शेंडेफळा,

तुझं पार्सल पोचलं. बशी अखंड आहे, कुठे टवकासुद्धा उडालेला नाही. चांगली बातमी एवढीच, ती संपली. हे फोनवर का नाही सांगितलंस, असं तू विचारशील. तुझा फोन येतो तेव्हा बाबा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलेले असतात आणि माझ्या तोंडून एक वाकडा शब्द निघाला की टेबलाखालून पाय मारतात. केस पिकायला लागलेल्या मुलीला बापाची लाथ खावी लागते आणि तुला तिकडे ऐकू जातं ते फक्त 'सगळं मजेत'. म्हणून पत्र.

मजा काय चालली आहे ते ऐक. घरात पाऊल ठेवायला जागा उरलेली नाही. कपाट केव्हाच भरलं, खिडक्यांचे कट्टे भरले, आता माझ्या कपड्यांच्या खणात अत्तराच्या बाटल्या आहेत. दर रविवारी बाबा जुन्या बाजारात जातात आणि पिशवी भरून काच आणतात. पूर्वी ते बहुतेक वेळा रिकाम्या हातांनी परत यायचे, आठवतं ना? दुकानदाराच्या पथारीवर कोट पसरायचा, त्याखाली डोकं घालून तो जांभळा, अतिनील किरणांचा टॉर्च मारायचा. पोपटी लखलखली तर युरेनियमची काच, मळकट हिरवी उजळली तर मँगनीजची, आणि ढिम्म राहिली तर 'मेलेली आहे, ठेव खाली'. दुकानदार त्यांना टरकून असायचे. घरी आलेला पाहुणाही सुटायचा नाही. शेजारच्या काकू हसल्या तेव्हा त्यांच्या दातांवर टॉर्च मारून बाबांनी जाहीर केलं होतं की सगळे दात उजळलेत, समोरचा एक काळा दिसतोय, म्हणजे तो खोटा. काकूंनी कितीतरी महिने आपलं दार पाहिलं नाही. आता मी कवळ्यांच्या लॅबमध्ये दिवसभर दातच घडवते, त्यामुळे बाबांचं तेव्हा अगदी बरोबर होतं हे मी शपथेवर सांगू शकते.

आणि तेच बाबा आता जॅमच्या बरण्या उचलून आणतात. बाजारातल्या लोकांनी त्यांना बरोबर ओळखलंय, 'या काका, तुमच्यासाठीच ठेवलंय' म्हणत नको तो माल गळ्यात मारतात. ते टॉर्च मारतात, काही पेटत नाही, मी तसं सांगते. मग बाबा टॉर्चच्या नावाने खडे फोडतात. बॅटरी बदलून झाली, टॉर्च बदलून झाला, हल्लीच्या मालात दम नाही हेही ऐकून झालं. नाचता येईना अंगण वाकडं! मला वाटायचं, हा म्हातारपणचा हट्ट आहे, माझाच अंत पाहायचं ठरवलंय यांनी. कामावरून दमून यायचं, बाटल्या बाजूला सरकवत स्वयंपाक करायचा आणि वर 'तुला काचेतलं काय कळतं' हे ऐकायचं.

त्यात त्यांनी आईची साखरेची वाटी भंगारवाल्याला देऊन टाकली. हो, तीच, जिच्यापासून हे सगळं वेड सुरू झालं. मेलेली काच म्हणून दिली. मी चपला न घालता धावत गेले, भंगारवाल्याचा अख्खा ढीग उपसला, हात कापून घेतला, पण वाटी काही मिळाली नाही. घरी येऊन मी त्यांना वाटेल ते बोलले. ते एवढंच म्हणाले की पेटत नव्हती. मग मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. एका घरात दोन माणसं, आणि मध्ये काचेचा बाजार.

अशात तुझी बशी आली. बाबांनी पडदे ओढायला लावले आणि टॉर्च माझ्या हातात दिला. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, कारण त्यांनी आजवर तो टॉर्च दुसऱ्याच्या हाती दिलेला नाही. मी बटण दाबलं. बशी ढिम्म. शेंडेफळा, ती साधी हिरवी काच आहे, दुसरं काही नाही. दुकानदाराने सांगितलं आणि तू मान हलवलीस, टॉर्च मारायचे कष्टही घेतले नाहीस, तुला मी ओळखत नाही का? मी तसं म्हणणार, तेवढ्यात तुझा फोन आला. बाबांनी तो घेतला आणि सुरू झाले. काय पेटलीय म्हणून सांगू, कडेच्या नक्षीत पोपटी रंग नुसता ओतलाय, अशी बशी जन्मात पाहिली नव्हती. तू तिकडून 'वा' म्हणालास. मी इकडे काळ्या ठिक्कर बशीवर टॉर्च धरून उभी होते. आणि बाबा बशीकडे बघत नव्हते. बशीच्या डावीकडे, टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्यात जमा, उजव्याने समोरचं थोडं दिसतं, तेही उजेडात. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची तर ऑपरेशन हवं, आणि लवकर हवं. जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवलेला माणूस, त्यामुळे बोटांनी कडा चाचपून एवढे दिवस सगळं निभावत होता, आणि मी त्याला हट्टी म्हणत होते. बाबा ऑपरेशनला नाही म्हणाले. मी म्हटलं, मग मी आजच्या आज शेंडेफळाला कळवते. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "त्याला नको सांगू. काच संपली तर तो माझ्याशी बोलेल काय?"

मला भयंकर संताप आला. तुझा आला, त्यांचाही आला. आई होती तेव्हा फोन तिचाच असायचा. तुम्हा दोघांचं बोलणं म्हणजे 'बरा आहेस ना', 'हो', 'देतो हिला'. ती गेल्यावर तू तो पहिला पेपरवेट पाठवलास, आणि तेव्हापासून बापलेक तासतासभर बोलायला लागलात. मला त्याचा हेवा वाटतो, तेही लिहून टाकते. रविवारी ते बाजारातून काहीबाही उचलून आणतात, ते संध्याकाळी तुला सांगायला काहीतरी हवं म्हणून. हे कळल्यापासून मला त्या बरण्या फेकताही येत नाहीत आणि बघवतही नाहीत.

तुला ये म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. तुझी रजा, तुझा साहेब, सगळं मला तोंडपाठ आहे. ऑपरेशनचं मी बघते, दवाखाना मी करते. पण कागदावर सही बाबांची लागते आणि ती माझ्या सांगण्याने होत नाही, काचेवाचूनही तू बोलतोस हे पटलं तरच होईल. म्हणून येत्या रविवारी एक कर. ते बशीचं कौतुक सुरू करतील, तेव्हा 'वा' म्हणू नकोस. सांग की ती बशी तू न तपासता घेतलीस, ती साधी काच आहे, तुझं चुकलं. ते एकदम गप्प होतील. फोन ठेवू नकोस. मग बोलत राहा, काचेचं सोडून कशाचंही. नळ गळतोय म्हणून सांग, साहेबाला शिव्या घाल, वाटल्यास मला घाल. जीभ दुखेपर्यंत बोल. बोलायला काही सुचत नसेल तर तसंच सांग त्यांना, पण फोन ते ठेवेपर्यंत तू ठेवू नकोस.

तुझीच, लाथा खाणारी
ताई