पत्र्याखालची चिठ्ठी

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४, आर्नहेम

नवं घर झकास! डीमनच्या खुराड्याएवढ्या फ्लॅटमधून सुटलो एकदाचे. तेरा पायऱ्या चढून माळा; तो नवऱ्याचा, असं उत्तराने स्वतःहून जाहीर केलं. नेमबाजीच्या क्लबात वर्षभर हजेरी लावून परवाना मिळवला, त्यावरची पहिली रायफल आज वर चढली. स्विस सैन्याने मोडीत काढलेली, १९४२ची, माझ्या सायकलीपेक्षा स्वस्त. तिजोरी भिंतीला चार बोल्टांनी पक्की, गोळ्या वेगळ्या पेटीत. किल्ली एकच, माझ्या गळ्यात. उत्तरा म्हणाली, मंगळसूत्रसुद्धा कुणी इतकं जपत नाही. अवनीने खालूनच डचमध्ये विचारलं की बाबांचं खेळणं पोचलं का. २७ला वीस पूर्ण होतील, पण जीभ तशीच.

सोमवार, ७ ऑक्टोबर

रायफलीचा लाकडी दस्ता मला आखूड पडतो. बुडाचा पोलादी पत्रा दोन स्क्रू काढून उघडला. आत घडी केलेली चिठ्ठी: कुणा सैनिकाचं नाव, गाव, जन्मसाल १९२२. म्हणजे रायफल मिळाली तेव्हा गडी विसाचा. स्विस सैनिकांची ही पद्धतच. रायफल ज्याची, त्याची चिठ्ठी पत्र्याखाली. मीही माझी ठेवली, ठसठशीत देवनागरीत: नरेंद्र वासुदेव सबनीस. जुनी रद्दीच्या निळ्या डब्यात टाकली. मग २५ मिलिमीटरची रबरी गादी बुडाला, चामड्याची गालाला, आणि नळीला एकही भोक न पाडता बसणारा दुर्बिणीचा क्लॅम्प. पट्टा चौथ्या भोकावर. सगळं वाचून, स्वतः. कुणाला विचारलं नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

क्लबात लक्ष्यावर पाच गोळ्या ३८ मिलिमीटरच्या घेऱ्यात. सत्तरीच्या हेंकनी जुन्या चिठ्ठीचं विचारलं. टाकली म्हटल्यावर हसायचे थांबले. म्हणाले, रायफलीला तिचा माणूस लागतो, तोही तरुण. मी सांगितलं की मी तीन मॅन्युअलं कोळून प्यायलोय, त्यांत असलं काही नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

तिजोरी उघडली. दोन्ही गाद्या निघालेल्या, खालच्या फळीवर कडेला कड लावून ठेवलेल्या. पट्टा दुसऱ्या भोकावर. किल्ली गळ्यातच होती, आंघोळीलासुद्धा. उत्तराला विचारलं. म्हणाली, तुझ्या त्या सवतीला मी हातही लावणार नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

पुन्हा तेच. दुसऱ्या भोकावर माझा खांदा पट्ट्यात मावत नाही. बारीक अंगाच्या माणसाचं माप ते. या घरात—

रविवार, २० ऑक्टोबर

पत्रा उघडला. कागद माझा, शाई माझी, अक्षर माझं. ‘अवनी नरेंद्र सबनीस.’ खाली २००४.

नावं एक घर सरकलीत. माझ्या जागी पोर. मी वडिलांच्या जागी. वडील गेले पुसून.

मी जन्मसाल लिहिलंच नव्हतं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

जाळली. माझं नाव पुन्हा लिहून ठेवलं. तासाने उघडलं: अवनी. कोरा कागद ठेवला: अवनी. हेंकना फोन केला. ते म्हणाले, ज्याची होती त्याचं नाव परत ठेवा, तोच तिला धरून होता. निळा डबा कालच रिकामा झालाय. नाव? ही वही चाळली. पायऱ्या, बोल्ट, स्क्रू, भोकं, सगळं टिपलंय. त्याचं नाव नाही. ‘कुणा सैनिकाचं’, एवढंच लिहिलंय मी.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

रायफल पोलिसांत जमा केली. परवाना गेला, जाऊ दे. पावती घेऊन घरी आलो. तिजोरी उघडली.

आत आहे.

अवनीच्या उजव्या खांद्यावर निळा डाग. सायकलवरून पडले म्हणते. उत्तरा बाम चोळत होती, मी मोजपट्टी लावली. दोघी ओरडल्या माझ्यावर. लांबी ११८ मिलिमीटर, रुंदी ४१. बुडाच्या पत्र्याचीही—

शनिवार, २६ ऑक्टोबर

आठवत नाही. नाव दोन शब्दांचं. गाव डोंगरातलं असेल— सगळीच असतात तिथली— अवनीला म्हटलं, उद्याचा दिवस घरात थांबू नकोस. हसली. केक कोण कापणार म्हणाली.

रविवार, २७ ऑक्टोबर

किल्ली गळ्यात नाही.

तिजोरी उघडी. रायफल नाही. गोळ्यांची पेटीही— फळीवर गाद्या, क्लॅम्प, कडेला कड. शेजारी चिठ्ठी. तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात: हजर.

खाली उत्तरा हाका मारत होती, मेणबत्त्या लावल्यात म्हणून. आता मारत नाही.

जिन्यावर बूट वाजतायत. आमच्या घरात सगळे दाराशीच— सावकाश, कवायतीसारखे. आठ. नऊ. काहीतरी नाव लिहायला हवं, कुठलंही— अकरा. बारा.

अवनी, बाळा, मी तुझा