पोळ्यासाठी आगाऊ गोळ्या

१८ ऑगस्ट १९५९
आर्वीच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या नवीन गोळ्या दिल्या. इंजेक्शन बंद! रोज सकाळी एक, वर लगेच जेवण. जास्त घेतल्या की साखर एकदम उतरते, घाम सुटतो, माणूस बेशुद्ध पडतो, कधी कधी उठतच नाही, असं बरंच बोलले. डॉक्टर मंडळींना घाबरवायची सवयच असते. संकल्प: गोड कायमचं बंद.

२३ ऑगस्ट
गोड बंद. शेजारच्या बारशातले दोन पेढे धरत नाही. नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. तळपाय बधिर झालेत. चपला नव्या आहेत, त्यामुळे.

३० ऑगस्ट
हात थरथरले. सुलोचना म्हणाली, "गोळी घेऊन उपाशी काऊन फिरून राह्यले तुमी?" म्हटलं, पथ्याचा अशक्तपणा आहे. बायकोला सायन्स सांगण्यात अर्थ नाही.

१ सप्टेंबर
उद्या पोळा. पुरणपोळी नाकारणं म्हणजे घरच्या बैलांचा अपमान. उपाय सापडला: एका पोळीला एक गोळी. चार पोळ्या, चार गोळ्या. आधीच घेऊन ठेवायच्या, म्हणजे औषध पोटात तयार बसेल. डॉक्टरांना हे कसं सुचलं नाही?

२ सप्टेंबर, दुपारी तीन
चार गोळ्या घेतल्या. सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय. बैल तोरणाखालून घरी येतील, त्यांना नैवेद्य, मग आपलं पान. पाचला जेवण नक्की.

साडेपाच
पहिला मान महादेवरावांच्या जोडीचा की अण्णाजींच्या, यावर तोरणाखाली भांडण. निवाड्याला मलाच बोलावलं. निवाडा घाईत करायचा नसतो. दोघांच्या आज्यापासून सुरुवात केली. चष्मा न्यायला घरी आलोय. घाम फार. गर्दीमुळे. अक्षर वाकडं येतंय. सुलोचना म्हणाली, "गुळाचा खडा तरी टाका तोंडात." बैलांच्या आधी? आपण रीत मोडणारे नव्हे.

५ सप्टेंबर
जरा भोवळ आली होती. बाकी विशेष नाही.

महादेवराव येऊन सांगून गेले की मी तोरणाखालीच आडवा झालो, दातखीळ बसली. डॉक्टर येईपर्यंत सुलोचना ओठांच्या आतून गूळ चोळत होती. तोवर बैल तसेच उभे. "वैनी नसत्या तं तुमी गेलतेच," म्हणाले. मला काही आठवत नाही. ऐकूनही काही वाटलं नाही.

गोळ्यांची बाटली आता तिच्याकडे. सकाळी एक गोळी दिली, डाव्या हातानं. औषध डाव्या हातानं देऊ नये, हे सांगणार होतो. तेवढ्यात उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी दिसली. भाजलं का, विचारलं.

"तुमचे दात लागले," म्हणाली, आणि ताट पुढे सरकवलं.

खाली मान घालून जेवलो.