मोहाखालची झाडलेली जागा

फाल्गुन वद्य पंचमी, तोरणमाळच्या वाटेवर

जीव भांड्यात पडला एकदाचा. बैलांच्या दमणीत संसार घालून डोंगर बघायला निघालेलो आम्ही दोघं. काल मोहाच्या झाडाखाली लख्ख झाडलेली जागा दिसली. "आठेच बैल सोडा," ही तिथंच बोट दाखवून म्हणाली. सोडले, चूलही मांडली. पहाटे फुलं टपटपली, ती बरीचशी बैलांनी खाल्ली. तेवढ्यात टोपली घेऊन पावरा आदिवासी म्हातारी आली. फुलं वेचायला तिनंच जागा झाडली होती. एवढं मला कळू नये? ती माघारी गेली. आता गाव गोळा करणार, वाटलं. आली ती केरसुणी घेऊन. "गाडी आंबाखाले ली जा," म्हणाली. मी गाडी आंब्याखाली नेली. हिनं केरसुणी मागून घेतली, आमची राख झाडली. जागा पुन्हा लख्ख. मग म्हातारीनं उरलेली मूठभर फुलं स्वतःच बैलांपुढे धरली.