विंटनवरून वळसा

डनीडिन, मंगळवार

तीर्थरूप आजोबा,

आधी तुमच्या गुडघ्यांना, मग फ्लोला आणि मग तुम्हाला नमस्कार. (हा क्रम तुम्हीच घालून दिलेला आहे. फोनवर तब्येत विचारली की तुम्ही गुडघ्यांचं सांगता, मग कुत्रीचं, आणि स्वतःचं सांगायची वेळ आली की फोन ठेवता.) डावा गुडघा अजून दक्षिणेच्या वाऱ्याची वर्दी आदल्या दिवशी देतो का? फ्लोच्या कानातलं औषध संपलं असेल तर कळवा, इकडे स्वस्त नाही पण मिळतं. मी ठीक आहे. माझ्या खोलीची भिंत अजून ओलीच आहे आणि टेगन (माझ्याबरोबर राहते ती, तुम्ही जिला "निळ्या केसांची" म्हणता) घरातही टोपी घालून वावरते. एकंदरीत सगळं नेहमीसारखं आहे.

शुक्रवारी रिव्हर्टनपर्यंत तुम्ही गाडीत एका शब्दापलीकडे बोलला नाहीत आणि मीही मूग गिळून बसले. जे बोलायचं राहिलं ते या पत्रात लिहिते. मात्र ज्यूरीच्या खोलीत काय झालं ते कायद्याने कोणालाही सांगता येत नाही, आजोबांनाही नाही, त्यामुळे पत्राच्या मधोमध एक मोठं भोक राहणार आहे. त्याच्या कडेकडेने चालावं लागेल. तुम्हाला या चालण्याची सवय आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते.

सुरुवात तुमच्या चीज रोलच्या डब्यापासून झाली. मतदार यादीत मी अजून रिव्हर्टनचीच, त्यामुळे ज्यूरीचं समन्स तुमच्या पत्त्यावर आलं आणि तुम्ही ते डब्यात दोन थरांच्या मधे घालून पाठवलंत. सरकारी कागद लोणी पिऊन पारदर्शक झाला होता. सोबत तुमची चिठ्ठी नव्हती. टेगन तो उजेडाला धरून म्हणाली, "बाई गं, तुला बोलावलंय की तळलंय?" मग तिने मला सुटकेचे उपाय सांगितले. माझं मन एकाही खोट्या कारणाला धजेना, आणि खरं कारण माझ्याकडे होतंच. त्याच आठवड्यात माझा तत्त्वज्ञानाचा निबंध द्यायचा होता. विषय, "माणसाला कोणतीही गोष्ट खात्रीने कळू शकते का?" सहा महिने मी याच्यावर वाचत होते आणि समोरचं टेबल खरोखर आहे की नाही याबद्दल माझं नक्की होत नव्हतं. अशा मुलीने एका माणसाने गुन्हा केला की नाही हे कसं ठरवायचं? हे सगळं मी सहा पानी अर्जात मांडलं, तळटीपांसह. कोर्ट इन्व्हरकारगिलला आणि तुम्ही दर गुरुवारी तिथे जाताच, म्हणून घरी आले तेव्हा अर्ज तुमच्या हाती दिला. तुम्ही पाकीट हातात तोलून बघितलंत आणि म्हणालात, "बरंच जड आहे. देतो."

उत्तर आलं नाही. म्हणजे नाकारला, असं मी धरून चालले आणि सोमवारी सकाळी कोर्टात हजर झाले. खिडकीतल्या बाईंना विचारलं, माझ्या अर्जाचं काय झालं? त्यांनी यादी दोनदा बघितली. "अर्ज? तुझा कसला अर्ज नाही आलाय गं. परीक्षा होती का? मग एक ओळ लिहायचीस, सोडलं असतं की." माझ्या सहा पानांचा असा निकाल लागला.

मग आम्हा साठ-सत्तर जणांना मोठ्या खोलीत बसवलं. खटला वॉरिक टेट नावाच्या शेतकऱ्यावर होता. शेजारीण ग्लेनिस मॅकफी यांच्या चौतीस मेंढ्या त्याने आपल्या कळपात घेतल्या आणि त्यांच्या कानाची खूण बदलली, असा आरोप. न्यायाधीश बाई म्हणाल्या, आरोपीला किंवा साक्षीदारांना ओळखणारं कोणी असेल तर पुढे या. आजोबा, अर्धी खोली उठली. आपल्या भागात आणखी काय होणार! एकाच्या मेव्हण्याने टेटकडून कुत्रा घेतला होता. एका बाईंचं ग्लेनिसशी केकच्या स्पर्धेवरून वाकडं होतं आणि ते त्यांनी सविस्तर सांगितलं. मी बसून राहिले. ओळखणं म्हणजे काय यावर माझी दोन प्रकरणं वाचून झाली होती, पण टेटचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

पेटीतून चिठ्ठ्या निघू लागल्या. नाव पुकारलं की उठून ज्यूरीच्या खुर्च्यांपर्यंत चालत जायचं, आणि बसायच्या आत दोन्हीपैकी कुठलाही वकील "चॅलेंज" म्हणाला की मागे फिरायचं, कारण कोणी सांगत नाही. माझ्याआधी एक लोकर कापणारा गेला आणि परत आला. एक मास्तर परत आले. मी मुद्दाम टेगनचा काळा स्वेटर घालून आले होते, भोकंवाला. "मॉर्वेन रॉय" असं पुकारल्यावर मी उठले आणि शक्य तितकी हळू चालले, चॅलेंज करणाऱ्याला पुरेसा वेळ मिळावा म्हणून. कोणी काही बोलेना. शेवटी बसावंच लागलं. मला आधी अपमान वाटला, आणि बसल्यावर बघते तर समोर, दहा पावलांवर, टेट बसला होता.

साधा माणूस. साठीचा, मान उन्हाने रापलेली, कोट बहुधा लग्नातला. त्याचे हात समोरच्या लाकडी कठड्यावर होते, स्टिअरिंगवर असतात तसे. आम्ही बारा जण बसलो तसं त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप वर झालं आणि खाली आलं. समोरून येणाऱ्या गाडीला आपण रस्त्यावर उचलतो तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आत आलो, पुन्हा बोट. न्यायाधीशांना ते कळलं नसावं, त्या ऑकलंडकडच्या आहेत. आम्हाला बाराच्या बाराजणांना कळलं आणि उत्तर द्यायची कोणाचीच हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी माझं बोट उठायला लागलं तेव्हा मी त्या हातावर बसले.

साक्षी चार दिवस चालल्या. आम्हाला मेंढ्यांचे फोटो दाखवले, समोरून आणि बाजूने. ग्लेनिसबाई म्हणाल्या, माझ्या मेंढ्या मी तोंडावरून ओळखते. बचावाचा वकील जरा हसला. "तोंडावरून?" त्या म्हणाल्या, "तू तुझी पोरं कशावरून ओळखतोस? कानावरून?" मग त्याने पाच फोटो पुढे ठेवले. बाईंनी चार बरोबर ओळखले. पाचवा चुकला. बाई स्वतःही तो फोटो बराच वेळ हातात धरून बसल्या होत्या. टेट स्वतः उभा राहिला तेव्हा म्हणाला, "कुंपण पडलं, त्या आल्या. माझ्या कळपातल्या मी रोज मोजत नाही." आणि कानांचं विचारलं तेव्हा म्हणाला, "त्याचं मला काही सांगता येत नाही." कान ताजे कापलेले होते, हे गुरांच्या डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं होतं. त्याची बायको पहिल्या बाकावर बसून चारही दिवस विणत होती. ती लोकर कोणाच्या मेंढीची, असा विचार माझ्या मनात आला आणि मला स्वतःची लाज वाटली.

आता भोक. आम्ही खोलीत गेलो. आल्याची बिस्किटं होती, एवढं सांगायला हरकत नसावी. ती चहात बुडवताना कोण काय म्हणालं, कोण रडलं, किती वेळा हात वर केले आणि त्यात माझा कधी होता, हे सांगायचं नाही. तिथे मी तळटीप वापरली नाही, एवढंच सांगते.

शुक्रवारी दुपारी बाहेर आलो. आमच्यातला एक जण उभा राहिला आणि "दोषी" म्हणाला. सुया थांबल्या. शिक्षा पुढच्या महिन्यात ठरेल आणि तोवर टेटने घरी जावं, असं न्यायाधीशांनी सांगितलं आणि आमचे आभार मानले. आम्ही ओळीने बाहेर निघालो तेव्हा मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं. कठड्यावरचं बोट वर झालं. रागाने नाही, उपहासानेही नाही. समोरून माणसं आली म्हणून.

तुम्ही बाहेर गाडी घेऊन उभे होतात. माझ्याकडे एकदा बघितलंत आणि दार उघडलंत. मग टायर दाखवायला थांबलात, त्यात तासभर गेला, आणि नंतर तुमच्या नेहमीच्या रस्त्याला लागलात. आजोबा, घरात सगळ्यांनी तुमची या रस्त्यावरून थट्टा केली आहे, मीही केली आहे. वॉलेसटाउनचा सरळ रस्ता पाऊण तासाच्या आत घरी पोचवतो, आणि तुम्ही चाळीस वर्षं विंटनवरून वळसा घालता. का, तर म्हणे विंटनचे चीज रोल चांगले. दर खेपेला एक घेता आणि फ्लोला घालता. आई म्हणते हट्टीपणा. मामा म्हणतो, विंटनला कोणी बाई असेल. (हे मी सांगितलं असं त्याला सांगू नका.) तुम्हीही एकदा ज्यूरीत होतात, माझी आई शाळेत असताना, एवढंच आम्हाला माहीत. अकरा दिवस. आणि त्या वर्षापासून वळसा. या दोन गोष्टी कोणी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. तत्त्वज्ञान शिकणाऱ्या मुलीनेही नाही.

विंटनच्या अलीकडे उजव्या हाताला ते फाटक आलं. मी ते चार दिवस फोटोत पाहत होते, पुरावा क्रमांक सात. फाटकाशी टेट उभा होता, त्याच कोटात, साखळी लावत. गाडी येताना दिसली आणि त्याने हात वर केला नाही, फक्त बोट. मी डॅशबोर्डखाली वाकले. तोंडाने म्हणाले की रुमाल शोधते, आणि समोरचा खण उघडला. खालून मला फक्त स्टिअरिंग आणि तुमचा हात दिसत होता. तुमचं बोट शांतपणे उठलं आणि खाली आलं. फाटक मागे पडल्यावर तुम्ही म्हणालात, "सापडला?" मी म्हटलं, नाही. तेवढंच आपलं बोलणं.

तर आता परिस्थिती अशी आहे की सरळ रस्त्यावर तुमचा माणूस आहे, ज्याचा निकाल तुम्ही दिलात तो, आणि वळशावर माझा. आपल्या घराण्याला इन्व्हरकारगिलला जायला रस्ताच उरलेला नाही. तुम्ही काय ठरवलं होतंत ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारणार नाही. तुम्हीही विचारू नका. पण रात्री-अपरात्री नाही, भर दुपारी, वर्गात बसलेली असताना मला तो पाचवा फोटो दिसतो. आमचं बरोबर होतं असं मला वाटतं. वाटतं, एवढंच म्हणता येतं, आणि त्यावर तो माणूस कदाचित तुरुंगात जाईल. मला फार जड वाटतं आहे, आजोबा. तुम्ही चाळीस वर्षं हे एकट्याने कसं उचललंत?

गुडघ्यांना जपा. फ्लोच्या कानाला हात लावू देत नसेल तर तिला टॉवेलात गुंडाळा.

तुमची नात,
मॉर्वेन

ता. क. निबंधाला मुदत मिळाली. चौदा पानांचं जुनं लिखाण फाडलं आणि दोन पानं लिहिली. प्राध्यापक बाईंनी खाली शेरा दिला आहे, "शेवटचं वाक्य पटलं, पण त्याला आधार द्या." शेवटचं वाक्य असं होतं: खात्री नसली तरी उत्तर द्यावं लागतं. आधार म्हणून काय देऊ? आल्याची बिस्किटं?

ता. क. २. खणात रुमाल नव्हता. टायरची हवा मोजायच्या यंत्राखाली माझा सहा पानी अर्ज होता, तुमच्या हाती दिला तसाच, न उघडलेला. मी शनिवारी परतीच्या बसमध्ये गोर गावापर्यंत तुमच्यावर भयंकर चिडले होते. तुम्हाला काय अधिकार, वगैरे मनात बरंच बोलून घेतलं. गोर मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं की चाळीस वर्षांत तुम्ही या ओझ्यासाठी कोणाकडे सोबत मागितली नाहीत. मागायची तर त्यासाठी आधी दुसरं कोणीतरी त्या खोलीत जाऊन यायला हवं होतं. अर्ज आता देऊ नका. खणातच असू द्या.

ता. क. ३. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. येत्या शनिवारी मी येते. आपण इन्व्हरकारगिलला जाऊ, जाताना वॉलेसटाउनच्या सरळ रस्त्याने. गाडी मी चालवीन. तुमच्या माणसाचं घर आलं की तुम्ही डॅशबोर्डखाली वाका आणि खणात रुमाल शोधा, गुडघे दुखले तरी वाका. बोट मी उचलीन. येताना विंटनवरून, गाडी तुम्ही चालवा, मी वाकते, तुम्ही उचला. असं दोन-चार शनिवार करू. मग एखाद्या दिवशी दोघंही न वाकता बसूनच राहू.