चायनीजच्या गाडीशेजारी भाकरी

युसूफ वडगाव,
चैत्र

प्रिय मुनिरा,

फोनवर तुझ्या लेकाचं, फकीरचं नाव काढलं की तू म्हणतेस, दुसरं काहीतरी बोल. म्हणून हे पत्र. नातीकडून वाचून घे, आणि मधेच उठू नकोस.

तू परभणीला लेकीकडे गेलीस, त्यानंतरचा हा सगळ्यात कोरडा उन्हाळा. आपल्या दोन्ही घरांमधल्या बोळात आता टँकरसाठी लावलेल्या घागरी असतात. गुरं चारा छावणीत गेली, दूध आटलं आणि गावच्या दूध सोसायटीला कुलूप लागलं. बसून काय करायचं, म्हणून छबुबाई, भिवराबाई, मी आणि आणखी चारजणींनी सोसायटीची खोली मागून घेतली, बायकांची संस्था काढली आणि भाकरी-पिठल्याची पार्सलं करून केजच्या स्टँडवर विकायला नेऊ लागलो.

सुरुवातीचे दिवस लई वाईट गेले. केज आता तू पाहिलेलं राहिलं नाही. स्टँडपासून तहसीलपर्यंत चायनीज, मोमो, शोरमा, बर्गर. कॉलेजची पोरं उभ्यानं खातात आणि घरच्यांसाठी पिशवीत बांधून नेतात. आमच्या टोपलीकडे कुणी बघेना. भाकरी तशाच परत यायच्या आणि जीपमध्ये छबुबाई पदर तोंडावर घेऊन बसायची.

अशात एक दिवस फकीर समोर येऊन उभा राहिला. रहीमभाई गेल्यावर वर्षाच्या आत त्यानं बापाच्या गॅरेजचं सामान विकलं आणि चायनीजची गाडी घेतली, तेव्हा तू त्याच्याशी बोलणं टाकलंस. तुझा राग मला तेव्हाही कळला होता, आजही कळतो. पण त्या दिवशी त्यानं आमचं एक पार्सल सोडलं, भाकरी बोटानं दाबून बघितली आणि म्हणाला, "मावशी, गरम भाकरी पिशवीत कोंडता, वाफेनं चिवट होती. कागदात गुंडाळा. अन् माझ्या गाडीशेजारी बसा. पोरांना नूडल पायजे, म्हाताऱ्यांना ते जात न्हाई. दोघांचं एकाच जागी भेटलं तर लोक येतील."

आणि लोक आले. एक मास्तर रोज लेकरांसाठी नूडल आणि वडिलांसाठी पिठलं नेतात. आता तर फोनवर सांगतात आणि पार्सल जीपवाले गावोगाव पोचवतात. गिऱ्हाईक आलं की फकीर आधी विचारायचा, घरात म्हातारं कुणी हाय का? हो म्हटलं की आमच्याकडे बोट दाखवायचा. दुपारी स्वतः मात्र आमचीच भाकरी खायचा. कांदा बुक्कीनं फोडायची पद्धत थेट रहीमभाईंची.

मुनिरा, आता मीसुद्धा नूडल परतते. हसू नको. भिवराबाई कोबी चिरते आणि मी त्या भल्यामोठ्या कढईसमोर उभी राहते. पोरं म्हणतात, मावशीच्या हाताला तिखट जास्त. मी का परतते, ते सांगायला मला एवढा कागद लागला.

मागच्या बाजारच्या दिवशी गाडीच्या शेगडीची नळी निसटली आणि भडका उडाला. भिवराबाई जवळच उभी होती, तिचा पदर पेटला. आम्ही नुसत्या ओरडत राहिलो. फकीरनं दोन्ही हातांनी तो पदर चोळून विझवला. भिवराबाईला साधा फोडही आला नाही. त्याचे हात मात्र कोपरापर्यंत पट्ट्यांत आहेत. घाबरू नको, बोटं पहिल्यासारखी चालतील असं डॉक्टर म्हणालेत, फक्त वेळ लागेल. आमच्याच ओसरीवर त्याची बाज टाकलीय. तुला कळवते म्हटलं, तर म्हणाला, "नका सांगू मावशी. कीव आली म्हणून अम्मी येणार असंल, तर नको." मी त्याला हो म्हटलं नाही.

त्याला मी भरवते. आधी लाजायचा, मान फिरवायचा. आता डोळे मिटून तोंड उघडतो. काल घास घेताना तसाच, डोळे न उघडता म्हणाला, "अम्मी, बारीक कर." मग त्याच्याच ध्यानात आलं आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी भाकरी कुस्करून पुढचा घास केला, तेव्हा कुठं तो वळला. पण मला कळलं, हे काम माझ्या हाताचं नाही.

तू ये. सकाळची एसटी धर, केजच्या स्टँडवर मी असेन. त्याला काही विचारू नकोस, मागचं काही काढू नकोस. जेवायच्या वेळी मी ताट घेऊन बसते, त्या जागी तू बस. त्याचे डोळे मिटलेलेच असतात. घास तेवढा बारीक कर.

तुझीच, बोळापलीकडची
मुक्ता